उरलेले सहा वार

"बेलभंडार उचलशील तवा डोले उघडे ठेव, सूनबाय."

सासरे जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण हरिचंद्र म्हात्र्यांचा तो खर्जातला आवाज अंजनीच्या कानातून गेला नव्हता. पहाटे ओलेत्याने घागर कमरेवर घेतली आणि देवळाकडे पहिलं पाऊल टाकलं, की तो यायचाच. पूजा होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही हा तिचा नेम; त्यामुळे त्या आवाजाला उत्तर द्यायचीही सोय नव्हती. आणि उत्तर तरी काय देणार? सासऱ्यांनी सांगितलं होतं ते तिने त्या दिवशी केलंच नव्हतं. देवापुढे हात ठेवला आणि सवयीने डोळे मिटले होते.

ती शहाऐंशी सालची गोष्ट. भोपाळचं ऐकून माणसं धास्तावली होती. अंबरनाथपासून बदलापुरापर्यंत चिमण्या उगवत चालल्या होत्या आणि त्यातली एक अगदी गावाच्या उशाशी होती, टेकचंद शेठच्या रंगाच्या कारखान्याची. बॉयलर पेटला की काजळी उडत यायची ती थेट खंडेरावाच्या देवळावर. गावाने ठरवलं, ठाण्याला जायचं, सरकारच्या दारात बसायचं आणि या धुराचा काहीतरी कायदा करून घ्यायचा. माणसं निघणार त्याच्या आदल्या दिवशी शेठ स्वतः देवळात आला, अनवाणी. म्हणाला, सरकार कशाला मध्ये, तुम्हाला काय पाहिजे ते मला सांगा.

पंच बसले, खल झाला आणि गावाने मागितलं ते रविवार. रविवार खंडेरावाचा. त्या दिवशी बॉयलर थंड ठेवायचा, देवावर काजळी पडता कामा नये. त्याच्या बदल्यात गाव धुराचं गाऱ्हाणं कधी सरकारच्या दारात नेणार नाही. दोन्हीकडून बेलभंडार उचलला गेला, बेलपानावर आणि हळदीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ झाली. शेठने हात ठेवला, मग गावातल्या प्रत्येक घराचा एकेक हात. अंजनीचा नवरा त्याच साली गेला होता, सासरे अंथरुणाला खिळले होते, दिराची चूल वेगळी होती आणि मुलगा अजून शाळेत होता, म्हणून म्हात्र्यांच्या घराचा हात म्हणून तिचा हात पुढे झाला. गुरवाने बोल म्हटले: जो मोडील त्याच्या घरात पाळणा हलणार नाही.

शेठने शब्द पाळला. रविवारी चिमणी गप्प असायची. बायका त्या दिवशी वाळवणं घालायच्या, गोधड्या धुवायच्या, पोरांना अंगणात झोपवायच्या. रविवार आला की गावाला आपण जिंकलो असं वाटायचं. सोमवारी पहाटे काजळी परत सुरू व्हायची आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बोलायचं ठरलंच नव्हतं.

मग शेठचे गुडघे गेले, मुलगा परदेशी गेला, कारखाना विकला गेला. घेणारी कंपनी बाहेरची. तिने पहिल्याच महिन्यात रविवारी बॉयलर पेटवला. पंच विचारायला गेले तर साहेब चहा पाजून म्हणाला, आमचा कुणाचा हात होता का तिथे? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, चला आता ठाण्याला. तेव्हा गुरवाने मान हलवली. शेठने कारखाना विकला, म्हणजे त्याने मोडलं नाही. कंपनीने हात ठेवलाच नव्हता, म्हणजे तिनेही मोडलं नाही. हात तुमचे होते. तुम्ही बांधलेले आहात.

अशी ती एका बाजूने सुटलेली आणि दुसऱ्या बाजूने आवळलेली गाठ घेऊन गाव चार वर्षं धूर खात होतं.

अंजनीचा रोजचा दुसरा नेम बेलाचा. अखंड त्रिदळ, भोक नाही, डाग नाही, असं पान देवाला वाहिल्याशिवाय ती पाणी घेत नसे. हे पान तिला आणून देई ठमाबाई. डोंगराच्या पोटातल्या ठाकरवाडीची ही बाई मोळी विकायला उतरायची तेव्हा टोपलीत वरती फडक्यात बेल असायचा. पान देताना काहीतरी चेष्टा केल्याशिवाय तिला करमत नसे. आणि अंजनी पूजेआधी बोलत नाही हे माहीत असल्यामुळे ती हवं तेवढं बोलून घेई.

त्या माघात मात्र ठमाबाई फडकं न उलगडता ओट्यापाशी बसून राहिली. पूजेची वेळ टळत होती. अंजनीने हातानेच विचारलं, काय झालं? ठमाबाईने फडकं उलगडलं. पान अन् पान ठिपक्यांनी भरलेलं, तांबूस, कडेला करपलेलं. कुणीतरी उदबत्तीने टोचावं तसं.

वरच्या झाडाचीही पानं अशीच, ठमाबाई सांगू लागली. पलीकडच्या खोऱ्यात गेले तेव्हा कुठे एक चांगलं मिळालं. ते एक पान तिने कनवटीतून काढून दिलं. भाताची रोपंही गेल्या खेपेस अशीच भाजली होती. धाकटा नातू रात्रंदिवस खोकतो. आणि आता ऐकलं, कंपनी दुसरा बॉयलर बसवते आहे, पहिल्याहून मोठा.

ते खरं होतं. नव्या नियमाप्रमाणे असा कारखाना वाढवायचा तर आधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागे. कुळगावात सुनावणी लागली होती, साहेब लोक येणार होते, ज्याला बोलायचं त्याने उभं राहून बोलायचं. दवंडी गावात झाली तशी ठाकरवाडीतही पोचली होती.

अंजनी पूजा करून आली तरी ठमाबाई तिथेच होती.

"आमाला कोनी देवलात बोलावला नव्हता बाय," ती म्हणाली. "आमचा हात कुठं ठेवलेला नाय. तवा मी बोलनार. पन त्या टेबलापुढं माजी जीब टालूला चिकटल. तू बोल म्हनत नाय मी. तू नुसती माज्या बाजूला उभी रा."

अंजनीने होय म्हटलं. तोंडून शब्द गेला आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. गावातलं कुणी सुनावणीला गेलं आणि गाऱ्हाणं करणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं, तर ते सरकारच्या दारात जाणं नव्हे तर काय? एक शब्द बारा वर्षांपूर्वी देवापुढे दिलेला, दुसरा आत्ता या बाईला. दोन्ही एका तोंडात मावत नव्हते.

ठमाबाई मोळी डोक्यावर घेत हसली. "तसा तुजा आवाज तुज्या देवालाच ऐकू येतं. उभी राह्यलीस तरी पुरं."

घरी सरू होती. कमळाकरची बायको, अंजनीची सून. दिवस भरत आले होते. तिचं पहिलं बाळंतपण दोन वर्षांपूर्वी आठव्यातच झालं होतं आणि मूल चार श्वास घेऊन गेलं होतं. तेव्हापासून कमळाकर घरात मोठ्याने हसला नव्हता. आता या वेळी तो सरूला विहिरीवर जाऊ देत नव्हता, आणि पाळण्याची फळी माळ्यावरून काढूही देत नव्हता. आधी होऊ दे, मग काढू, म्हणायचा. नोकरी त्याची त्याच कंपनीत, माल गाडीवर चढवायच्या खात्यात. ती लावून दिली होती त्याच्या काकाने, बबनने.

बबन म्हणजे अंजनीचा धाकटा दीर. कंपनीला माणसं पुरवायचं काम त्याच्याकडे होतं, कोळशाच्या गाड्याही त्याच्याच. माणूस वाईट नव्हता. भावजयीला कधी उणंदुणं बोलला नव्हता. पण सुनावणी लागल्यापासून तो घरोघर फिरत होता, आणि त्याच्या हातात धाक म्हणून काही नव्हतं, फक्त आठवण होती. देवळात त्याने सगळ्यांना जमवलं आणि हसत हसत आठवण करून दिली. मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही, म्हणाला, ज्याला आपल्या घरचा पाळणा जड झाला असेल त्याने खुशाल जावं. अंजनीला वाटलं, सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीतून आरपार जाऊन घरात बसलेल्या सरूच्या पोटावर पडल्या आहेत.

एका म्हाताऱ्याने सुचवलं, रविवार तरी सोडा म्हणावं कंपनीला. बबन म्हणाला, साहेबाशी बोलतो, वर्षातून चंपाषष्ठीचा एक दिवस नक्की मिळवून देतो.

सरू दहावीपर्यंत शिकलेली. दुपारी ती सासूला पेपर वाचून दाखवायची; दोन दिवस जुना असला तरी कमळाकर तो कंपनीतून आणायचा. त्या दुपारी तिने वाचलं, की जपानात जगातली सरकारं जमली होती, धूर कमी कसा करायचा ते ठरवायला. कोळशाचा, तेलाचा धूर वर जाऊन तिथेच राहतो म्हणे. आभाळावर जणू गोधडी घातली जाते, आणि खाली धरती तापत जाते. पाऊस मागेपुढे होतो, समुद्र चढतो.

अंजनीने विचारलं, मग त्यांनी काय ठरवलं?

थोडंसं ठरलं म्हणतात, सरू म्हणाली, पण भांडण झालं. जो तो म्हणतो, आधी तू कमी कर, मग मी करतो.

अंजनी वाती वळत होती, तिचे हात थांबले. एवढ्या मोठ्या लोकांतही तेच चालत असेल असं तिला वाटलं नव्हतं. म्हणजे हा धूर फक्त खंडेरावाच्या कळसावर पडत नव्हता. आपण एका देवळापुरता, एका वारापुरता तो अडवायला गेलो आणि गोधडीचा एक धागा धरून बसलो.

सुनावणी उद्यावर आली तेव्हा तिला रात्रभर सुटत नसलेली गोष्ट पहाटे घागर उचलताना सुटली. गाठ दोन हातांची होती. गुरव ती सोडू शकत नव्हता, पंच सोडू शकत नव्हते, देवाला कौल लावावा तर तिचं मन घेत नव्हतं, कारण कौल तिच्या बाजूने पडला असता तरी तिला वाटलं असतं की आपणच फूल ढिलं लावलं. पण दुसरा हात अजून जिवंत होता. उल्हासनगरात, कॅम्प एकमध्ये.

ती पूजा करून, कुणाला न सांगता निघाली. अंबरनाथला उतरून शेअर रिक्षा घेतली. कॅम्पातल्या त्या गल्लीबोळांत शिवणयंत्रांचा घरघराट, वर दोऱ्यांवर टांगलेल्या निळ्या जीन्स, फर्निचरच्या पॉलिशचा वास. तीनदा विचारावं लागलं. रंगवाला टेकचंद म्हटल्यावर एका पापडवाल्याने बोट दाखवलं.

शेठ खिडकीपाशी पलंगावर होता. वाळून पेंढी झालेला. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. आधी त्याने ओळखलं नाही. तिने गावाचं नाव सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, तेव्हा त्याने हात जोडले आणि इथेच मागे राहिलेल्या सुनेला हाक मारून पाणी मागवलं. आज उपास, बाहेरचं पाणी चालत नाही, अंजनीने हलकेच सांगितलं. मग तो म्हणाला, तर मग बैठो तरी.

तिने सगळं सांगितलं. नवी कंपनी, रविवार, दुसरा बॉयलर, ठमाबाईला दिलेला शब्द, घरातली सून. तिचा आवाज इतका खाली होता की शेठला पलंगाच्या काठाशी सरकावं लागलं. शेवटी ती म्हणाली, मला तुमच्याकडून मोकळं व्हायचं आहे.

शेठ उशीला टेकून सावरून बसला.

"माई, त्या दिवशी मी देवळात काय विचार करून आलो होतो, मालूम आहे तुला?" तो म्हणाला. "धूर धुणारं यंत्र असतं. अंबरनाथच्या एका कारखानदाराशी माझी बात पण झाली होती. मी बोललो, गाव सरकारकडे गेलं तर यंत्र बसवावंच लागेल, तर आपण होऊन कबूल करू. तयारी करून आलो होतो मी. आणि तुम्ही मागितलंत काय? रविवार."

अंजनी आणखी जवळ सरकली.

"मी थोडा टाइम गप्प राहिलो. म्हटलं, आणखी काही मागतील. बाकीचे सहा वार आहेत, पोरं आहेत, शेत आहे. कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर समजलं असतं. पण सगळे डोळे बंद करून उभे होते." तो हसायला गेला आणि खोकला आला. "मी घरी येऊन मिठाई वाटली."

तिच्या कानात सासऱ्यांचा आवाज इतक्या जवळून आला की तिने मान वळवली.

तिने विचारलं, मग तुम्ही नंतर का नाही बसवलं? तुमच्या मनात होतं तर?

शेठला राग आला नाही. तो समजावून सांगू लागला. मी बसवलं असतं, पण माझ्या बाजूचा नाही बसवत, त्याच्या पुढचा नाही बसवत. यंत्र चालवायचं म्हणजे वीज, पाणी, माणूस. माझा रंग महाग झाला असता, त्यांचा स्वस्त राहिला असता, गिऱ्हाईक त्यांच्याकडे गेलं असतं. एकट्याने चांगलं वागायचं तर धंदा बंद करूनच वागावं लागतं.

"सरकारने सगळ्यांना एकदम बोललं असतं ना, की यंत्राशिवाय बॉयलर पेटणार नाही, इतक्याहून जास्त कोळसा जळणार नाही, तर काय झालं असतं? आम्ही सगळ्यांनी मिळून शिव्या दिल्या असत्या. आणि सगळ्यांनी बसवलं असतं." श्वास गोळा करायला तो थांबला. "भलाई मत मांगो, माई. माझी भलाई होती, ती कारखान्याबरोबर विकली गेली. कायदा मांगो. कायदा विकला जात नाही."

मग त्याने सुनेला देवाच्या फळीवरची डबी आणायला सांगितली. झूलेलालच्या तसबिरीमागे ती होती. आत कागदाच्या पुडीत भंडारा, रंग उडून मातकट झालेला, आणि बेलाच्या पानाचा सुकलेला चुरा. त्या दिवशी त्याच्या हातात आलेला, त्याने घरी आणून जपून ठेवलेला. त्याने पुडी दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली आणि अंजनीच्या ओंजळीत ठेवली. गावाने मला दिलेला शब्द मी परत करतो, तो म्हणाला, माझ्या बाजूने तुम्ही सगळे मोकळे.

अंजनीने पदरात पुडी बांधली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. तिच्या सगळ्या येण्यात हा एकच प्रश्न होता आणि तोच तिने अजून विचारला नव्हता. पाळण्याचं जे म्हटलं होतं, ते आता लागणार नाही ना?

म्हाताऱ्याने खोटं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तसं केलं नाही.

"ते मला नाही मालूम, माई. ते तुझ्या देवाला माहीत."

परत येईपर्यंत ऊन कललं होतं. ओट्यावर बबन बसलेला, समोर कमळाकर उभा. कुणीतरी तिला रिक्षात बघितलं होतं.

"काय वैनी, कॅम्पात जीन्स घेवाला गेलेलीव काय?" बबनने विचारलं. आवाजात चेष्टा होती, पण डोळे हसत नव्हते.

तिने पदराची गाठ सोडून पुडी दाखवली आणि थोडक्यात सांगितलं. बबनने पुडीकडे बघून हात मागे घेतला, देवाची वस्तू म्हणून. मग म्हणाला, एका म्हाताऱ्याने पुडी परत दिली म्हणून काय गावाची शपथ सुटते? त्याच्याकडे आता कारखाना नाही, काही नाही, त्याचं काय जातं मोकळं करायला? पंच आहेत, गुरव आहे, चार माणसं बसतील, ठरवतील. सुनावणी होऊन जाऊ दे, मग सावकाश बसू.

अंजनी म्हणाली, गावाची सुटते की नाही ते गावाने बघावं. माझ्या हाताची सुटली, एवढंच मी बघते.

"आणि याची नोकरी?" बबनने कमळाकरकडे बोट केलं. "साहेब मना इचारील. सांगू काय त्याला, माझी वैनी देवाशी परस्पर बोलून आली?"

तिची नजर मुलाच्या तोंडावर होती. कमळाकर नोकरीचं काहीच बोलला नाही. त्याचा चेहरा मळलेल्या फडक्यासारखा झाला होता.

"आये," तो म्हणाला, "पयला गेला तवा मी तुला काय इचारला नाय. हा गेला तर इचारीन."

अंजनीने हातातल्या पुडीवर मूठ आवळली. आजवर तिने किती उपास केले, किती नेम धरले, त्यातला एकही तिला असा जड गेला नव्हता. नको म्हणावं, उद्या जाऊच नये. ठमाबाईला निरोप धाडावा. ती गरीब बाई काही म्हणणार नाही, परवा परत टोपली घेऊन येईल. पलीकडच्या खोऱ्यात जाऊन एक पान शोधून आणील. आणि मग एक दिवस तेही मिळणार नाही.

दाराच्या चौकटीला धरून सरू बाहेर आली. तिला उभं राहायला त्रास होत होता. काकांसमोर ती कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांनीच वर पाहिलं.

"पहिला गेला," ती म्हणाली, "तेव्हा शपथ कुणी मोडली होती?"



सरूने नवऱ्याकडेच बघत पुढे सांगितलं, कुठेही न थांबता, पेपर वाचावा तशी. तेव्हा गाव गप्प होतं, सगळ्यांचे हात जागेवर होते. कुणी सरकारच्या दारात गेलं नव्हतं. तरी पाळणा हलला नाही. डॉक्टरीणबाईने विचारलं होतं, घराजवळ धूर आहे का? तुम्ही तिला सांगितलंत, नाही, तसा काही नाही.

कमळाकर खाली बसला. ओट्याच्या पायरीवर, काकापासून लांब. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. बबन उठून चपला शोधू लागला. एकच सापडली, दुसरी कुत्र्याने ओढून नेली होती. सापडलेली ती एकच हातात घेऊन जाताना तो एवढंच म्हणाला, की उद्या तिथे मी पण असणार आहे वैनी, कंपनीच्या बाजूने. म्हणजे नंतर सांगितलं नव्हतं म्हणू नको. तिनेही मान हलवली, की नाही म्हणणार.

रात्री चूल थंडावल्यावर अंजनीने सरूच्या केसांना तेल लावलं. माळ्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

पहाटे ती नेहमीसारखी उठली. विहिरीवर ओलेत्याने घागर भरली. चिमणी सुरू होती, कळसावर धुराचा पट्टा आडवा पसरला होता. देवळात गुरव अजून आला नव्हता. ठमाबाईने आदल्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातून आणून ठेवलेलं अखंड पान तिने देवाला वाहिलं. मग शेठची पुडी उलगडून तो मातकट भंडारा खंडेरावाच्या पायांवर ओतला आणि त्यावर आपला उजवा हात ठेवला.

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

देव दिसला. आजवर रोज पुसत असूनही घोड्याच्या मानेखाली, लगामाच्या खाचेत, जिथे फडकं पोचत नाही तिथे बसलेली काळी पुटं दिसली. इतक्या रविवारी ती तिथे होतीच. माझा हात मी परत घेते आहे, तिने मनात म्हटलं, काय द्यायचं ते मला दे, त्या लेकराला नको. एवढं म्हणून तिने कपाळ टेकलं.

घरी आल्यावर तिने मौन सोडलं, पण बोलायला समोर कुणी नव्हतं. सरूला पहाटेची झोप लागली होती. कमळाकर कामावर गेला नव्हता. तो मागच्या पडवीत पाठमोरा बसला होता. समोर माळ्यावरून काढलेली पाळण्याची फळी, बाजूला पाण्याचं भांडं. ओल्या फडक्याने तो ती पुसत होता. फडकं काळं होई, तो पिळी, परत पुसी.

तिने धुतलेलं पातळ नेसलं, गूळ-पाणी घेतलं आणि काय बोलायचं ते पाठ म्हणून पाहिलं. स्तोत्र पाठ करावं तसं, ओठ हलवत. नुसतं उभं राहायचं कबूल केलं होतं तिने, पण आता उभं राहून गप्प बसणं तिला जमणार नव्हतं. साहेब, नवा बॉयलर यंत्राशिवाय पेटू देऊ नका. जुनाही नाही. आमच्या गावातला नाही आणि पलीकडल्याही गावातला नाही. किती कोळसा जाळायचा ते सरकारने लिहून द्यावं, सगळ्यांना सारखं. आम्हाला रविवार नको. आम्हाला सातही वार पाहिजेत. हे म्हणताना आवाज फार खाली येत होता. दुसऱ्यांदा तिने जरा मोठ्याने म्हटलं. अंगणातली कोंबडी दचकून बाजूला झाली.

वेशीपाशी ठमाबाई उभी होती. डोक्यावर मोळी नाही, त्यामुळे ती वेगळीच, लहान दिसत होती. हातात बेलाची एक डहाळी, सगळी पानं ठिपक्यांची. पाटलाच्या घरातून कुणीतरी दार किलकिलं करून बघितलं. कोळशाची एक गाडी धूळ उडवत गेली, तिच्यात पुढे बसलेल्या बबनने मान दुसरीकडे वळवली.

ठमाबाईने काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं, पण अंजनीचा चेहरा पाहून तिने नुसती डहाळी पुढे केली. अंजनीने तिच्या हातातली डहाळी अर्धी मोडून आपल्याकडे घेतली, पदराआड धरली आणि तिच्या बाजूला, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, चालू लागली. कुळगावचा रस्ता धुरातून समोर थोडा थोडा उघडत होता.